दुमडलेल्या पानाची उजवी बाजू

त्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी प्लास्टिकच्या खुर्चीत, ती खाली पायरीवर पाय पसरून. पुढ्यात सुपात वालाच्या शेंगा. माझ्या हातात तिची वही, पान उभं मधोमध दुमडलेलं. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी. इंग्रजीसुद्धा आपल्याच अक्षरांत लिहिलेली, कारण एबीसीडी आम्हा दोघांनाही धड येत नव्हती. मी फक्त डावी बाजू वाचायची, तिनं शेंगा सोलत उजवी तोंडानं सांगायची. वीस जोड्या झाल्या की पान उलगडायचं आणि बघायचं कुठं चुकलं.

"आंघोळ करणे," मी वाचलं.

"टेक अ बाथ."

"भांडी घासणे."

"डू द डिशेस." आणि लगेच पुढं, "त्यांच्याकडं राख नसंल वो. म्हणून घासत न्हाईत, नुसती करतात."

"गप. धडा चाललाय. चूक करणे."

"मेक अ मिस्टेक. हे आता जल्मात इसरायची न्हाय मी."

आत कुकरमध्ये डाळ होती. मधेच शिट्टी झाली आणि एका जोडीचं उत्तर त्या शिट्टीत गेलं. मी परत विचारलं नाही, पुढची वाचली. विसावी झाली आणि मी पान उलगडायला बोट घातलं, तेवढ्यात लाईट गेली. गावातली लाईट गेली म्हणजे नुसता अंधार होत नाही आमच्याकडं. शेडीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, थांबतात. दिवसभर कानाच्या पडद्यावर चाललेली खटखट एकदम गळून पडते. मग कुणाचं तरी पोर रडत होतं ते ऐकू येतं, बांधावरचे बेडूक ऐकू येतात.

"ऱ्हाऊ द्या. उद्या बगा," ती म्हणाली. "पान असंच ठेवा. चोरून उलगडू नका."

"मी काय चोर हाय?"

"चोर न्हाय. आळशी हाव."

ती हसली. मी हसलो नाही, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मोरीत भांडी घासता घासता भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही. कशानं गेली ते डॉक्टरनं सांगितलं. मला ते लिहायचं नाही.

हे सगळं आज वर येण्याचं कारण एक फोटो. मागच्या आठवड्यात समाजमंदिराला रंग द्यायचा म्हणून भिंतीवरच्या वस्तू उतरवत होते. मी रिकामाच असतो, गेलो हात लावायला. खिळ्यावरून एक चौकट काढली, धोतरानं काच पुसली, तर आतून अकरा बायका माझ्याकडं बघत होत्या. गावातल्याच. सगळ्या नऊवारी नाहीतर गोल साडीत, सगळ्यांच्या डोक्यावर पदर, आणि त्यांच्या मधोमध बाराव्या, चष्मा लावलेल्या शिकवणाऱ्या बाई. दहाजणींच्या हातात छापील कागद, छातीशी असा धरलेला की नाव दिसावं. अकरावी टोकाला उभी. तिच्या हातात कागद नाही. तिच्या हातात दुमडलेली वही.

ती माझी बायको.

मी ती चौकट खाली ठेवली आणि घरी आलो. चुन्याचा वास दोन दिवस नाकातून गेला नाही.

माझं शिक्षण चौथी नापास. लिहिण्याचा हात नाही, फुल्या मारायचा हात आहे. जन्मभर मी कापडावर फुल्या मारल्या. आमच्या शेलार गावात तेव्हा भाताच्या खाचरांपर्यंत लूमच्या शेडी आल्या होत्या, आणि त्यातल्या एका शेडीत मी फोल्डिंगला होतो, कापड तपासायला. लूमवरून उतरलेला तागा उतरत्या टेबलावरून ओढायचा. टेबलाच्या खालून ट्यूबलाईट. कापड त्या उजेडावरून पाण्यासारखं वाहायचं आणि त्यात कुठं तार तुटलेली, कुठं तेलाचा डाग, कुठं बारीक भोक, ते डोळ्याला बोचायचं. दिसलं की थांबायचं, किनारीवर निळ्या खडूनं फुली. पंधरावीस वार एकही फुली नाही असं क्वचित. फुल्या ठरलेल्यापेक्षा कमी निघाल्या तर कोपऱ्यात लिहायचं 'पास', आणि त्याच्यापुढं कारागिराचं नाव. नाव लिहायचं म्हणजे लिहायचंच. तो फोल्डिंगचा नियम. कापड ज्यानं विणलं, त्याचं.

कारागीर मला खडूशेठ म्हणायचे. मी शेडीत शिरलो की कुणीतरी ओरडायचं, "खडूशेठ आया रे!" एकजण नेहमी गयावया करायचा, "चाचा, इतना तो चलता है."

"चलता होगा तेरे घर में," मी म्हणायचो, आणि फुली मारायचो.

मी पास केलेला तागा बाजारातून कधी परत आला नाही. याचा मला गर्व होता. दुसरा कशाचा गर्व करावा असं आयुष्यात काही नव्हतंच.

ती त्याच शेडीत, पलीकडच्या भिंतीला, कांड्या भरायला बसायची. लूमच्या धोट्यात बसते ती दोऱ्याची कांडी. बोटं इतकी चपळ की बघणाऱ्याला फक्त हवा हललेली दिसायची. केसांत कापसाची पिंज. संध्याकाळी ती पदर झटकायची तेव्हा अंगणात बारीक पांढरं काहीतरी उडायचं आणि तिच्या अंगाला खळीचा, लूमच्या तेलाचा आणि घामाचा एकत्र वास यायचा. त्या वासाला मी तेव्हा नाक मुरडायचो. आता शेडीच्या दारात मुद्दाम उभा राहतो, पण तिथं नुसता खळीचा आणि तेलाचा वास येतो. तिसरा येत नाही.

लूमच्या त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. आम्ही हातांनी बोलायचो. अंगठा ओठाला म्हणजे पाणी. दोन बोटं म्हणजे चहा. तळहात गालाला म्हणजे मी घरी जाते, पोराला निजवायचंय. भांडलोसुद्धा हातांनीच. एकदा रागानं तिनं माझ्याकडं पाठ केली आणि पाठीमागं हात नेऊन अंगठा दाखवला. अख्खी शेड हसली.

पुढं आमच्या शेठनं लूम भंगारात काढले. तोवर माझ्या कानांचं व्हायचं ते झालं होतं. घरी आलो आणि पहिल्यांदा आमच्या दोघांच्या मधे शांतता पडली. तिला बोलायचं होतं. किती बोलायचं होतं! काल्हेरचं, माहेरचं. खाडीला ओहोटी लागली की चिखलात कोपरापर्यंत हात घालून निवट्या मासळी कशी धरायची, त्या चिखलाचा वास भाकरीला कसा लागायचा. जिथं ती निवट्या धरायची, तिथं आता गोदामं आहेत. आमचा मुलगा मानकोलीला तसल्याच एका गोदामात शिफ्टमध्ये गाडी चालवतो, माल उचलायची. मी तिचं अर्धं ऐकायचो. अर्धं ऐकू यायचं नाही आणि ऐकू आलं तरी हूं म्हणायचो. माणसाला हूं म्हणायची सवय लागली की ती सुटत नाही.

मग बाई आल्या. दामले बाई. भिवंडीत शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आठवड्यातून तीन दुपारी रिक्षानं समाजमंदिरात यायच्या आणि गावातल्या बायकांना बोलण्यापुरती इंग्रजी शिकवायच्या. फुकट. शेवटी तोंडी परीक्षा आणि पास होईल तिला छापील प्रमाणपत्र.

पहिल्याच दिवशी माझी बायको घरी आली ती जेवण वाढायच्या आधी म्हणाली, "मी नाव दिलं."

"कशाला?"

"मना एक कागद पायजे."

"कसला कागद?"

"माज्या नावाचा. रेशनकार्डावर मी तुमच्या खाली. मतदानाच्या कार्डावर तुमचं नाव मागं लागलंय. शाळंतनं दुसरीतच काढलं मना, कांड्यांवर बसवलं. एक कागद पायजे, ज्याच्यावर मी काय केलं ते लिवलंय."

मी हूं म्हणालो.

बाईंनी त्यांना व्याकरणाच्या भानगडीत पाडलं नाही. त्या म्हणाल्या, रोजच्या कामाचे शब्द घ्या, जोडीनं घ्या, तुटक घेऊ नका. आपल्यात सगळं 'करणे'. चहा करणे, आंघोळ करणे, चूक करणे, फोन करणे. एक करणे हाताशी धरलं की आपला जन्म निघतो. तिकडं तसं नाही. तिकडं आंघोळ घेतात, चूक बनवतात, फोन देतात, आणि सर्दी तर म्हणे पकडतात.

मी समाजमंदिराच्या बाहेर कट्ट्यावर बसून ऐकायचो. उन्हात बसायला जागा होती म्हणून बसायचो, असं मी सांगत असे. शेजारच्या हिराबाईनं हात वर केला. हिराबाई म्हणजे तोंडाला कुलूप नसलेली बाई.

"बाई, पण सर्दी पकडायची कशाला? ती आपली आपण येते की."

"का म्हणून विचारू नका हिराबाई. कुठला शब्द कुणाच्या घरी नांदायचा ते ठरलेलं असतं."

"मंजी लगीन लागल्यालं?"

"तसंच समजा."

"टेकचं बाथशी?"

"हो."

"मग ह्या मेकचं काय वो बाई? मेक टी, मेक बेड, मेक नॉइज, मेक मिस्टेक! मेल्यानं किती घरं केली?"

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले, इतक्या हसल्या. त्या हसण्यात माझ्या बायकोचं हसणं मला वेगळं ओळखू आलं. कांड्यांच्या दिवसांत ते मी नुसतं बघितलं होतं. आवाजासकट ऐकत होतो ते तेव्हा पहिल्यांदा.

त्या हिवाळ्यात आमचं घर इंग्रजी झालं. चुलीपुढं ती पुटपुटायची. पापड लाटताना, तुळशीला पाणी घालताना, शेंगा वाळत टाकताना. मला म्हणायची, "हॅव अ सीट," आणि मी खुर्चीत बसलेलाच असायचो. पावशेर मटार आणायला पाठवलं तर वर सांगायची, "टेक युवर टाइम." मी म्हणायचो, "येडी झालीस तू."

आणि संध्याकाळी ओट्यावर वही. पान दुमडून हातात द्यायची. मी डावी बाजू वाचायची, कारण मराठी मला येते, अडखळत का होईना. ती सांगायची. आणि वीस झाल्या की माझं काम पान उलगडून तपासायचं.

इथं मला थांबावं लागतं.

मी पान उलगडत नव्हतो. एकदोनदा उलगडलं असेल सुरुवातीला. मग कंटाळा. बारीक अक्षर, दिवे लागायची वेळ, रस्त्यानं मानकोलीकडं चाललेले मोठमोठे ट्रक बघायचे असायचे. वीस झाल्या की मी वही तशीच मिटून तिच्या हातात द्यायचो आणि म्हणायचो, "पास."

ती त्या एका शब्दानं खुलायची. "खरंच? सगळ्या?"

"सांगितलं ना. पास."

दुसऱ्या दिवशी नळावर ती बायकांना सांगायची, आणि हे मी माझ्या बहिऱ्या कानांनी ऐकलंय: "तुमचं तुमी बगा बाई. माज्या घरात चेकर हाय. मोठमोठे कारागीर थरथरायचे त्याला. त्यानं पास केलं मना."

परीक्षेच्या दिवशी समाजमंदिरात, स्टेजपुढं, गाव जमलं होतं. तिनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली, डोक्यात अबोलीचा गजरा. वीसपैकी पंधरा आल्या की पास. हिराबाई सोळा करून उतरली आणि खाली येऊन फुगडीची गिरकी घेतली. मग माझ्या बायकोची पाळी. ती पायऱ्या चढून गेली ती मान वर करूनच. एवढ्या बायकांत भीती नव्हती ती तिला एकटीला.

"चूक करणे?" बाईंनी विचारलं.

"डू अ मिस्टेक."

बाईंनी पुढचं विचारलं. "भांडी घासणे?"

"मेक द डिशेस."

"फोन करणे?"

"डू अ कॉल."

बायका हसल्या. वाईट हसल्या नाहीत, आपल्या माणसाला हसतात तशा. पण ती गोंधळली. तिनं बाईंच्या तोंडाकडं बघितलं, मग तिची नजर लोकांवरून फिरत शेवटच्या रांगेत माझ्यावर आली आणि थांबली. रागानं नाही. नुसती बघत राहिली. नऊ बरोबर आल्या. बाई म्हणाल्या, दोन महिन्यांनी परत घेऊ, आणि फोटोसाठी तिलाही ओळीत उभं केलं. कागद नव्हता, म्हणून तिनं वही धरली.

मी पास केलेला तागा बाजारातून परत आला, तो हा पहिला.

घरी आल्यावर तिनं साडी बदलली, भाकऱ्या केल्या. ताट वाढलं. मी दुसऱ्या भाकरीवर होतो तेव्हा म्हणाली, "तुमी पान उलगडत नव्हता ना?"

"उलगडायचो की."

"कदी?"

मी भाकरी मोडत राहिलो.

"दुसऱ्यांच्या कापडाला डोळा लावून बसायचा. एक तार सोडली न्हाय जल्मात. माज्याच टायमाला डोळे दुकले?"

त्यावर गप्प बसायचं सोडून मी बोललो. आजही ताट समोर आलं की ते माझं वाक्य आधी समोर येतं. मी म्हणालो, "ह्या वयात इंग्रजी शिकून काय विमान चालवायचंय तुला?"

ती उठली. वही तांदळाच्या डब्यामागं ठेवली आणि डबा भिंतीला सरकवला. त्या डब्याचा लादीवर घासल्याचा आवाज मी ऐकला. नेमकं जे ऐकायला नको ते ह्या कानांना ऐकू येतं.

पंधरा दिवस आमच्यात हातांची भाषा परत आली. दोन बोटं, म्हणजे चहा. मान हलली, म्हणजे नको.

मग एका दुपारी मी झोपेतून उठलो तर ती परसात तुळशीपाशी उकिडवी बसलेली. मांडीवर वही. पान स्वतःच दुमडलेलं, आणि उजवी बाजू उलटून दिसू नये म्हणून तिच्यावर पालथा तळहात दाबून धरलेला. डावी बाजू स्वतःच वाचायची, स्वतःच उत्तर द्यायची, मग हात काढून बघायची. विचारणारी तीच, सांगणारी तीच, तपासणारी तीच. मी दारात किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. माफी मागायची आमच्यात रीत नाही, आणि असती तरी मला जमली नसती.

मी म्हणालो, "दे इकडं."

"कशाला? पास करायला?"

"नापास करायला."

तिनं माझ्याकडं वर बघितलं. मग वही दिली.

पत्र्याच्या पेटीतून मी जुना निळा खडू काढला, शेवटच्या डब्यातला उरलेला, अर्ध्या बोटाएवढा. त्या दिवशी चष्मा पुसून पान उलगडलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून तपासलं, टेबलावर कापड ओढावं तसं. नऊ फुल्या निघाल्या. तिनं त्या मोजल्या आणि काय खूश झाली! "बरं झालं. निदान कुटं भोक हाय ते दिसलं तरी." दुसऱ्या दिवशी सात. मग पाच. एक दिवस एकदम दहा, तेव्हा माझ्यावरच उखडली, "तुमी वाचताच असं की इसरायला होतं." मी फुली खोडली नाही. दोन महिने एकही संध्याकाळ चुकवली नाही आम्ही. नंतरनंतर मला मजा यायला लागली. पान उलगडायच्या आधी तिचा श्वास अडकायचा, तो ऐकू यायचा. शेडीत कारागीर असेच माझ्या मागं उभे राहायचे, श्वास धरून. त्यांच्याकडं मी कधी मागं वळून बघितलं नव्हतं.

परीक्षा शनिवारी होती. ओट्यावरची ती शेवटची संध्याकाळ मंगळवारची.

तेराव्याला बाई आल्या. पांढरी साडी, हातात लांबट पाकीट. बायका भोवती बसल्या होत्या, मुलगा दारात. बाईंनी पाकिटातून कागद काढला. सोनेरी काठाचा, छापील. वर तिचं नाव.

"त्यांच्यासाठी आणलंय," बाई म्हणाल्या. "शनिवारी त्या नक्की पास झाल्या असत्या."

"परीक्षा दिली का तिनं?" मी विचारलं.

"नाही, पण..."

"मग न्या परत."

"बाबा, असं काय करता?" मुलगा म्हणाला.

हिराबाईला राहवेना. "दगड हाव तुमी भावोजी, दगड! त्या कागदापायी तिनं जीव टाकला वो."

"एकदा न बघता पास केलंय तिला," मी म्हणालो. "परत नाही."

बाईंनी कागद पाकिटात घातला. "तुमचं बरोबर आहे," असं काहीतरी पुटपुटल्या आणि चहा न घेता गेल्या.

बरोबर होतं का? तेव्हा मला तसंच वाटलं होतं. आता त्या फोटोत टोकाला उभ्या असलेल्या तिला बघितल्यापासून वाटतं, घ्यायला हवा होता. भिंतीवर लावायचा नसता तर पेटीत ठेवायचा. तिनं जन्मात माझ्याकडं एक कागद मागितला आणि तो दारात आलेला मी माघारी लावला. तिच्यासाठी लावला, की खडूशेठच्या अब्रूसाठी, हे मला अजून सांगता येत नाही. दामले बाई पुढं मुलाकडं राहायला गेल्या. तो कागद त्यांच्याकडं आहे की फाडला, मला माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही.

वही आहे माझ्याकडं. पेटीत, तिच्या हिरव्या साडीत गुंडाळून. मी ती सहसा उघडत नाही. खडू कापडावर जसा धरून बसतो तसा कागदावर बसत नाही. दर वेळी उघडली की निळी भुकटी मांडीवर पडते आणि पानावरचं तेवढं कमी होतं.

त्या पानावर काय आहे, ते मी बाईंना सांगितलं नाही. हिराबाईला नाही, मुलाला नाही. इथं लिहितो.

तिला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. घरात चूल पेटली नव्हती. पाव्हणे जागा मिळेल तिथं आडवे होते. उजाडलं तसा मी ओट्यावर येऊन बसलो. पायरी रिकामी. दोन दिवसांपूर्वीच्या शेंगांची सालं एका कोपऱ्यात तशीच पडली होती, सुकून वळलेली. वही खुर्चीच्या बाजूला खिडकीत होती, पान दुमडलेलं. कुणी हात लावला नव्हता. पलीकडच्या शेडीत लूम सुरू झाले.

मी पान उलगडलं.

लूमनं माझे कान खाल्ले आहेत. पण वीसपैकी एकोणीस उत्तरं मला जशीच्या तशी ऐकू येत होती, तिच्या आवाजात, शेंगा फुटल्याच्या आवाजासकट. मी डाव्या बाजूवर बोट ठेवायचो, तिचं ऐकायचो, आणि उजवीकडं बघायचो. आंघोळ करणे. बरोबर. भांडी घासणे. बरोबर. चूक करणे. बरोबर. फोन करणे, अंथरूण घालणे, विश्रांती घेणे, लक्ष देणे. बरोबर. सर्दी होणे याला ती टेक अ कोल्ड म्हणाली होती. पानावर कॅच होतं. खडू काढून फुली मारली. आवाज करणे याला डू म्हणाली होती, मेक होतं. दुसरी फुली. मजा करणे याचं उत्तर कुकरच्या शिट्टीत गेलं होतं. तिनं बरोबरच सांगितलं असणार. पण मी ऐकलं नव्हतं, आणि न ऐकलेलं पास करायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिथंही फुली मारली.

परत एकदा वरून खाली मोजलं. तीन फुल्या. सतरा.

पानाच्या कोपऱ्यात लिहिलं, पास.

मग पुढं नाव लिहायचं होतं. कापड ज्यानं विणलं, त्याचं. लग्नात एकदा पाटावर बसून घेतलं होतं तेवढंच, त्यानंतर मी ते नाव कधी घेतलं नाही. अगं, ऐकलंस का, यावरच भागलं. लिहिलं तर कधीच नव्हतं. हात अडखळला. एकेक अक्षर जुळवत, खडू दाबून, मी ते लिहिलं.

मंजुळा.